पेल्यावरची शिकार आणि इनामगावची खापरे

ग्रीक संस्कृतीचा विषय निघाला की सुशिक्षित मनुष्यास प्रथम आठवतात ती तेथील देवालये आणि संगमरवरी पुतळे. परंतु त्या लोकांची घरगुती ओळख करून घ्यावयाची असेल तर त्यांच्या मातीच्या भांड्यांकडे वळले पाहिजे. आणि त्यांतही मद्यपानाच्या पेल्यांकडे. युरोपातील कोणत्याही मोठ्या वस्तुसंग्रहालयात या पेल्यांची कपाटे भरलेली असतात. काळ्या व तांबड्या रंगांत त्यांवर भालेकरी धावत असतात, कुत्री रानडुकराच्या पाठीवर चढलेली असतात, हरणे मान मागे वळवून पळत असतात. ही चित्रे पाहून आलेला आपल्याकडील प्रवासी पुढे केव्हा तरी पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जातो, तेथे शिरूर तालुक्यातील इनामगावची प्राचीन रंगीत भांडी पाहतो, आणि त्यांवर रेघा, त्रिकोण व चौकटी यांपलीकडे फारसे काही नाही हे पाहून किंचित ओशाळतो. त्यांच्याकडे चित्रकला होती, आपल्याकडे नुसती नक्षी होती, असा निकाल तो मनातल्या मनात देऊन टाकतो.

या निकालातील पहिला भाग खरा आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य करावा. रेखाटनाच्या कसबात ग्रीक कुंभाराची बरोबरी दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन कुंभाराने केली असे म्हणणे हा पोकळ अभिमान होय. परंतु भांड्यावर शिकार नाही म्हणून त्या लोकांस शिकारीची जाण नव्हती, डोळा नव्हता, असा जो दुसरा निष्कर्ष त्यातून निघतो तो मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम तो ग्रीक पेला कसा असे ते पाहू. उथळ, पसरट वाडगा, खाली बारीक दांडा व त्यास गोल बैठक, आणि दोहों बाजूंस आडवे कान, असा त्याचा घाट. ग्रीक लोक त्यास कीलिक्स म्हणत. संध्याकाळच्या जेवणानंतर पुरुषमंडळी मंचकांवर डाव्या कोपरावर रेलून बसत आणि पानगोष्ठीस आरंभ होई. द्राक्षासव निर्भेळ पिणे हे रानटीपणाचे लक्षण समजले जाई, म्हणून मोठ्या भांड्यात ते पाणी घालून सौम्य केले जाई आणि तेथून पेल्यांत येई. पेल्याच्या तळाशी, आतल्या बाजूस, एक वर्तुळाकार चित्र असे. पेला भरलेला असताना ते आसवाखाली बुडालेले राही आणि घोटाघोटाने वर येई. बाहेरील चित्रे पिणाऱ्यास दिसत नसत. ती समोरच्या मंचकावरील सोबत्यासाठी असत. तळाशी उरलेला गाळ पेला बोटावर फिरवून ठरलेल्या लक्ष्यावर नेमका उडविण्याचा एक खेळही त्या मंडळींत असे. इतक्या नाजूक दांड्याची भांडी असल्या खेळात किती फुटत असतील याची कल्पना गृहिणींनी करावी!

या भांड्यांची चकाकती काळी झिलई म्हणजे मुळी रंग नव्हेच. अतिशय बारीक गाळलेल्या त्याच मातीचा तो पातळ लेप. भट्टीत प्रथम हवा खेळती ठेवून भांडे तांबडे करावयाचे, मग हवा कोंडून व ओले सरपण घालून सगळेच काळे करावयाचे, आणि शेवटी पुन्हा हवा सोडावयाची. या तिसऱ्या वेळी उघडी माती परत तांबडी होते. लेप दिलेला भाग मात्र भाजून काचेसारखा घट्ट झालेला असल्यामुळे काळाच राहतो. आधी काळ्या आकृती काढून त्यांत सुईने रेषा कोरण्याची रीत होती, इ. स. पू. ५३० च्या सुमारास अथेन्समध्ये ती उलटी झाली आणि आकृती तांबड्या व भोवतालची जमीन काळी असे होऊ लागले.

शिकारीच्या चित्रांत सर्वांत गाजलेली शिकार कॅलिडोन येथील रानडुकराची. राजा ओइनेउस देवतांस नैवेद्य अर्पण करताना आर्टेमिस देवीस विसरला. तिने कोपून एक भयंकर रानडुक्कर त्याच्या शेतांत सोडले. राजपुत्र मेलेआग्रोसने ग्रीस देशातील नामांकित वीर गोळा केले. त्यांत अटलांटा नावाची एक स्त्रीही होती आणि पहिली जखम तिनेच केली. पुढे जनावराच्या कातड्याच्या मानावरून कलह माजला, मेलेआग्रोसने आपल्या मामांस ठार केले, आणि भावांच्या शोकाने वेड्या झालेल्या आईनेच त्याचा अंत घडविला. कथा शिकारीची; पण भांडण मांसासाठी नव्हे, मानासाठी झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हीच शिकार क्लेइतिआस या चितार्‍याने इ. स. पू. ५७० च्या सुमारास आसव कालविण्याच्या एका मोठ्या भांड्याच्या गळ्यावर रंगविली. भांडे घडविले एर्गोटिमोसने, आणि दोघांनीही त्यावर आपापली नावे लिहून ठेवली आहेत. इटलीत क्यूसी गावाजवळ १८४४ व १८४५ साली फ्रांस्वा नावाच्या संशोधकास ते तुकड्यांत सापडले. आज ते फ्लॉरेन्स येथे आहे. त्यावर वीरांची नावे आहेतच, परंतु त्यांच्या कुत्र्यांचीही नावे लिहिलेली आहेत. १९०० साली संग्रहालयाच्या एका रखवालदाराने रागाच्या भरात त्यावर स्टूल फेकले आणि त्याचे ६३८ तुकडे झाले. ते सर्व जुळवून भांडे पुन्हा उभे केले गेले. म्यूनिक येथे आर्किक्लेस व ग्लौकीटेस या दोन कुंभारांच्या सहीचा एक पेला आहे, त्यावरही हीच शिकार आहे, आणि तेथेही कुत्र्यांस नावे आहेत. स्पार्टाकडील एका अनामिक चितार्‍यास तर विद्वानांनी ‘शिकारीचा चितारी’ असेच नाव देऊन टाकले आहे. त्याच्या एका पेल्यावर वर्तुळाची कड रानडुकराची झुंज मध्येच कापून टाकते. जणू गवाक्षातून पाहणाऱ्याच्या नजरेत आली तेवढीच शिकार.

ज्या समाजात शिकारी कुत्र्याचे नाव मद्याच्या पेल्यावर लिहिले जाते, त्या समाजात शिकार हे पोट भरण्याचे साधन राहिलेले नसते. अथेन्सच्या सामान्य गृहस्थाचे अन्न म्हणजे जवाची भाकरी, ऑलिव्ह, डाळी, चीज आणि मासळी. मांस मिळे ते मुख्यत्वे देवांपुढील बळींचे. रानात जाऊन शिकार खेळणे हा सवड, कुत्री आणि चाकर असलेल्यांचा उद्योग होता. झेनोफन या इतिहासकाराने शिकारीवर एक ग्रंथच लिहिला आहे. त्यात सशाच्या शिकारीचे वर्णन विस्ताराने येते, कुत्र्यांची नावे हाक मारण्यास सोपी म्हणून आखूड असावीत असे सांगून तब्बल ४७ नावांची यादी दिली आहे, आणि तरुणांस युद्धाची तालीम मिळते म्हणून शिकारीची थोरवी गाइली आहे. ससा शिजवावा कसा याची त्यास चिंता नाही.

मासेदोनियात हा प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. तेथे असा रिवाज होता की ज्याने जाळ्याच्या मदतीवाचून रानडुक्कर मारले नाही त्याने जेवणाच्या वेळी मंचकावर रेलू नये. सरळ बसून राहावे. सिकंदराच्या सेनापतींपैकी अँटिपाटर याचा पुत्र कासांद्रोस पस्तीस वर्षांचा झाला, चांगला शिकारी होता, तरी तो योग न आल्यामुळे बापाच्या पंक्तीस मुलासारखा ताठ बसे, अशी हकीकत प्राचीन लेखकांनी नमूद केली आहे. पेला हाती घेऊन रेलण्याचा अधिकारच शिकारीने मिळावयाचा, तेव्हा पेल्यावर शिकार आली यात नवल कोणते?

आता दृष्टी शिरूर तालुक्याकडे वळवावी. तालुक्याच्या दक्षिण सीमेवर भीमेच्या काठी वडगाव रासाई हे गाव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका. तेथून पूर्वेस, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव लागते. काळी कसदार जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि नदीचा आधार, अशी या सगळ्या पट्ट्याची जुनी स्थिती. इनामगावच्या पांढरीच्या टेकाडांत डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम खणती केली. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या कामाचा सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. एका खेड्याची नऊशे वर्षांची हकीकत, सुमारे इ. स. पू. १६०० पासून ७०० पर्यंतची, इतक्या बारकाईने भारतात क्वचितच उलगडली गेली आहे.

या नऊशे वर्षांचे तीन टप्पे पडतात. पहिला माळव्याकडून आलेल्या लोकांचा, इ. स. पू. १४०० पर्यंतचा. दुसरा पूर्व जोर्वे, इ. स. पू. १००० पर्यंतचा, हा भरभराटीचा काळ. तिसरा उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेर तालुक्यातील ज्या गावी अशी भांडी १९५०-५१ च्या उत्खननात मिळाली त्यावरून पडले. चाकावर घडविलेली, बारीक मातीची, आव्यात इतकी कडक भाजलेली की टिचकी मारली असता धातूसारखा नाद यावा, अशी ही भांडी. तांबड्या अंगावर काळ्या रंगाची नक्षी. कुशीत कंगोरा असलेले वाडगे, उंच गळ्याची मडकी आणि लांब तोटीची भांडी हे त्यांतील मुख्य घाट. तोटीच्या भांड्यातून काय प्याले जाई ते भांडे सांगत नाही. पण ते पिण्याचे भांडे असावे हे त्याच्या घाटावरूनच कळते. गावाच्या पश्चिम अंगास कारागिरांची वस्ती होती आणि तेथे कुंभाराची भट्टीही सापडली. म्हणजे अथेन्सच्या कुंभारवाड्याप्रमाणेच येथेही जाणता कसबी राहत होता.

असा हा कसबी शिकार रंगवीत नव्हता. पण त्याच्या गावात शिकार होत नव्हती काय? उत्तर खापरांत नव्हे, हाडांत आहे. घरांच्या जमिनीवर आणि उकिरड्यांत जी जनावरांची हाडे मिळाली त्यांत गाईबैल, शेळ्यामेंढ्या व कुत्रा यांच्या बरोबरीने काळवीट, चितळ, सांबर यांचीही हाडे आहेत, मासळीचीही आहेत. भीमेपलीकडील माळरानांवर आजही चिंकारा हरणे चरतात; बारामती तालुक्यातील सुप्याजवळ त्यांच्यासाठी अभयारण्य राखलेले आहे. तीन हजार वर्षांपूर्वी हा प्रदेश वन्य पशूंनी किती संपन्न असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

पूर्व जोर्वे काळात शिकार हा शेतीचा जोडधंदा होता. जव व गहू पिकत, कडधान्ये होती, नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी चर खोदलेला होता, बांध घातलेला होता, चौकोनी प्रशस्त घरे होती. मग इ. स. पू. १००० नंतर चित्र पालटते. पर्जन्यमान घटले आणि हवामान रुक्ष झाले असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. चौकोनी घरांच्या जागी लहान वाटोळ्या झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शेळ्यामेंढ्यांवर आणि रानातील हरणांवर भिस्त वाढली. नेमक्या याच काळात भांड्यांवरील कामही उतरले. घाट तेच राहिले, पण माती जाडीभरडी झाली, रंग निस्तेज झाला आणि नक्षी विरळ होत गेली. घराघरात हरणाचे मांस जास्त शिजू लागले तेव्हा हरीण भांड्यावर आले नाहीच, उलट भांड्यावर होते तेही निघून गेले.

ज्यास उद्याच्या जेवणासाठी चितळाचा माग काढावा लागतो तो त्याची तसबीर काढीत बसत नाही, असे म्हणावयाचा मोह येथे होतो. पण ते सर्वस्वी खरे ठरणार नाही. मध्य भारतातील भीमबेटकासारख्या गुहांत शिकारी लोकांनीच शिकारीची चित्रे काढली आहेत. म्हणून मुद्दा अधिक नेमका मांडला पाहिजे. गुहेतील चित्र सर्वांचे असते; पेला एका मालकाचा असतो. पिण्याच्या भांड्यावर शिकार येण्यास पेला मिरविणारा कोणी तरी असावा लागतो आणि शिकार हे मिरविण्याचे कारण असावे लागते. इनामगावात शिकार हे काम होते.

दख्खनच्या कुंभारास जनावर काढता येत नव्हते असेही नाही. तापीच्या खोऱ्यातील सावळदा येथील नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जोर्वेपेक्षाही जुन्या भांड्यांवर प्राणी, पक्षी, मासे आहेत, आणि त्याहून लक्षणीय म्हणजे बाणांची टोके, गळ व मासे मारण्याचे काटेरी भाले आहेत. शिकारीचे हत्यार आहे, शिकारी नाही! नर्मदाकाठी अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर नावडातोली येथे तर दांड्याचे, बैठकीचे पेले मिळाले, जे दुरून पाहता ग्रीक पेल्यांचे भाऊबंद वाटावेत. तेथील भांड्यांवर काळवीट आहेत, मोर आहेत, हातात हात गुंफून नाचणारी माणसेही आहेत. ज्या कुंभारास नाचणारी माणसे काढता आली त्यास भाला फेकणारा माणूस काढणे अवघड नव्हते. त्याच्या गिऱ्हाइकास तो नको होता, एवढाच अर्थ निघतो.

ओशाळणाऱ्या प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याने ज्यांची तुलना केली ती भांडी एका काळची नव्हेत. क्लेइतिआसने आपले रानडुक्कर रंगविले तेव्हा इनामगाव उजाड होऊन शतक लोटले होते. एकाच काळाची भांडी शेजारी ठेवली तर काय दिसते? इनामगावी माळव्याचे लोक नांदत होते त्या सुमारास ग्रीस देशात मायसीनीचे राजे होते. श्लीमान याने १८७६ साली तेथील थडग्यांतून काढलेल्या एका खंजिरावर सोन्यारुप्याने मढविलेली सिंहाची शिकार आहे. पुढे तिरिन्स येथील राजवाड्याच्या भिंतीवर रानडुकराची शिकार रंगविली गेली. शिकार आहे, पण ती राजाच्या शस्त्रावर आणि राजाच्या भिंतीवर. इ. स. पू. १२०० च्या सुमारास हे राजवाडे कोसळले आणि त्यांच्याबरोबर भिंतींवरील शिकारही गेली. मग इ. स. पू. ९०० च्या आसपास, इनामगावात वाटोळ्या झोपड्या उभ्या होत्या तेव्हा, खुद्द अथेन्सचा कुंभार आपल्या भांड्यांवर काय काढीत होता? वर्तुळे, त्रिकोण, चौकटी आणि वळणावळणाच्या पट्ट्या. या काळास तेथील विद्वानांनीही भौमितिक काळ असेच नाव दिले आहे. माणसे त्या भांड्यांवर गर्दीने आली ती इ. स. पू. ७५० च्या सुमारास, आणि तीही प्रथम कोठे, तर थडग्यांवर उभारण्याच्या मोठ्या रांजणांवर.

अथेन्सचे रंगीत पेले आपल्याकडे आले होते काय, असा प्रश्न सहज सुचतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने कोरलेली आहेत; चिट याने तर भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. परंतु हे यवन आले तोवर अथेन्सच्या चित्रित पेल्यांचा काळ संपून शतके लोटली होती. भूमध्य समुद्राकडील आसवाचे रांजण तेवढे आले. त्यांची खापरे नेवाशास मिळाली आहेत. ग्रीक पेल्यांचे खरे गिऱ्हाईक इटलीतील एट्रुस्कन लोक होते. ते हे पेले हौसेने विकत घेत आणि मृतांबरोबर पुरीत. १८२८ पासून व्हुल्ची येथील थडगी उकरली जाऊ लागली, त्यांत नेपोलियनचा भाऊ ल्युसियन बोनापार्त याच्या जमिनीतून हजारो भांडी निघाली. आज संग्रहालयांत अखंड दिसणारे पेले बहुधा अशाच थडग्यांतले. जिवंतांच्या हातात ते टिकले नसते.

इनामगावची उत्तम भांडीही मृतांनीच राखली आहेत. तेथे माणसे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरीत. मुलांस दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून. मोठ्यांस खड्ड्यात उताणे निजवून, आणि घोट्यांखालील पावले तोडून. मृतात्म्याने चालत निघून जाऊ नये ही त्यामागील समजूत असावी असे मानतात. शेजारी वाडगे व तोटीची भांडी ठेवलेली असत. या शेकडो दफनांत एक मात्र निराळे निघाले. गावच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, त्याशेजारी धान्याचे कोठार होते. गावच्या म्होरक्याचे ते घर असावे. त्याच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट सुटलेला एक रांजण होता, आणि त्यात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष मांडी घालून बसविलेला होता. त्याची पावले शाबूत होती. काळ इ. स. पू. १००० चा सुमार, म्हणजे भरभराटीच्या अखेरचा.

सगळ्या गावात मिरविण्याचा मान कोणास असेल तर तो या मनुष्यास होता. त्याच्याबरोबर ठेवलेल्या भांड्यांपैकी एकावर, नेहमीची नक्षी सोडून, कुंभाराने खरोखरच एक चित्र काढले आहे. त्यात भाला नाही, कुत्रा नाही, हरीण नाही. लांब वल्ह्यांची एक नाव आहे.